डोळ्याच्या बाहुलीवरून डिमेन्शिया ओळखणारी टेस्ट: विश्वास ठेवायच्या आधी काय काय बघायचं

बाबांचं विसरणं वाढायला लागलं तेव्हा नात्यातल्या प्रत्येकाने काही ना काही शोधून पाठवलं, आणि त्यात एक गोष्ट सारखी यायची, की डोळ्यात लाईट मारून किंवा थेंब टाकून दोन मिनिटात डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश कळतो म्हणे. सुई नाही, एमआरआयच्या बोगद्यात झोपणं नाही, कोणाला नको असणार. आम्ही एका ठिकाणी करून पण घेतली. रिपोर्टवर लाल अक्षरात ‘जोखीम जास्त’ आलं आणि आठवडाभर घरात कोणी नीट जेवलं नाही. मग आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी तो कागद बघून पहिला प्रश्न विचारला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? दोन्हीचं उत्तर हो. टेस्ट घेणाऱ्याने यातलं एकही विचारलं नव्हतं. त्यानंतर मी या विषयावरचे मिळतील तेवढे पेपर वाचले, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्यासमोर अशी टेस्ट किंवा अशी बातमी आली की ती कशी जोखायची ते समजेल.

सगळ्यात आधी नेमकी कुठली टेस्ट आहे ते विचारा, कारण ‘डोळ्यावरून डिमेन्शिया’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी खपतात. पडद्याचा म्हणजे रेटिनाचा स्कॅन काढून थरांची जाडी मोजणं ही वेगळी गोष्ट, नजर स्क्रीनवर कुठे कुठे फिरते ते बघणं वेगळी, आणि बाहुली किती आणि किती वेगाने लहान-मोठी होते ते मोजणं वेगळी. मी फक्त या शेवटच्या प्रकाराबद्दल लिहितोय. त्यातही तीन पोटप्रकार आहेत. एक, लाईट मारून बाहुली कशी आकसते ते बघायचं. दोन, खूप पातळ केलेला थेंब टाकून बाहुली किती पसरते ते बघायचं. तीन, माणसाला डोक्याला ताण देणारं काम द्यायचं, म्हणजे आकडे लक्षात ठेवा वगैरे, आणि त्या वेळी बाहुली किती मोठी होते ते मोजायचं. एका प्रकारचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही, आणि जाहिरातीत नेमकी हीच सरमिसळ असते.

मुळात बाहुलीचा आणि मेंदूचा संबंध आहे का? आहे, आणि चांगला घट्ट आहे, म्हणून तर ही कल्पना मरत नाही. रात्री आरशासमोर उभे राहा, लाईट मंद ठेवा आणि एका बाजूने टॉर्च पटकन डोळ्यावर आणा. बाहुली आकसायला साधारण पाव सेकंद जातो, मग ती झपकन लहान होते, आणि लाईट तसाच ठेवला तर थोडी परत सैल पडून थरथरत राहते. दुसऱ्या डोळ्याकडे बघा, त्याच्यावर लाईट नाही तरी त्याची बाहुलीही आकसलेली असते, कारण डोळ्यातून आलेला निरोप मेंदूच्या मधल्या भागात जाऊन दोन्ही बाजूंना वाटला जातो. तिथल्या एडिंजर-वेस्टफाल नावाच्या केंद्रातून परत येणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेवर ॲसिटिलकोलीन हे रसायन काम करतं, आणि अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) मेंदूत ज्याची चणचण पडते तेच हे. बाहुली मोठी करणारा स्नायू नॉरॲड्रेनलिनवर चालतो, आणि मेंदूत नॉरॲड्रेनलिन पुरवणारा लोकस सेरुलियस हा इवलासा भाग अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला बिघडणाऱ्या जागांपैकी एक आहे. शिवाय रेटिनात मेलनॉप्सिन असलेल्या काही खास पेशी असतात, त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि अल्झायमरने गेलेल्या लोकांच्या डोळ्यांमध्ये या पेशी कमी झालेल्या २०१६ साली दाखवल्या गेल्यात. म्हणून काही मशीन लाल आणि निळा असे दोन लाईट वापरतात.

म्हणजे तर्क पक्का आहे. पण तर्क पक्का असला म्हणून टेस्ट पक्की होत नाही, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९९४ चं आहे.

त्या वर्षी सायन्स या नियतकालिकात लिओनार्ड सिन्टो आणि त्यांच्या हार्वर्डच्या टीमचा एक पेपर आला. डाऊन सिंड्रोम असलेल्यांची बाहुली तिला पसरवणाऱ्या थेंबांना जरा जास्तच दाद देते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे अल्झायमर होतो, त्यावरून कल्पना सुचलेली. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ट्रोपिकामाइडचा थेंब टाकतात तो १ टक्क्याचा असतो, यांनी तो शंभर पट पातळ करून ०.०१ टक्के केला. निरोगी माणसाची बाहुली त्याने जेमतेम हलायची, रुग्णांची चांगली पसरायची. अल्झायमर असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या १९ पैकी १८ जण टेस्टने पकडले आणि ३२ निरोगी म्हाताऱ्यांपैकी ३० जणांना बरोबर सोडून दिलं. जगभर बातम्या झाल्या. मग बाकीच्या लॅबनी तेच करून बघितलं आणि बहुतेकांना तो फरक मिळेना, रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले निघाले की एका माणसाबद्दल ठामपणे काही सांगणं जमेना. थेंब डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून (कॉर्नियातून) आत किती झिरपतो, बुबुळाचा रंग किती गडद आहे (गडद रंगद्रव्य औषध धरून ठेवतं), थेंब पडल्यावर डोळ्यातून किती पाणी आलं, या सगळ्याचा परिणाम होतो आणि त्यातलं मेंदूशी संबंधित काहीच नाही. १९ पैकी १८ म्हणजे ऐकायला ९५ टक्के वाटतं, पण एवढ्या कमी माणसांवर खरा आकडा साधारण ७४ पासून ९९ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून पेपर हातात घेतला की टक्केवारीच्या आधी माणसं किती होती ते बघा, आणि दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या मशीनवर तेच मिळवलंय का ते बघा. मला विचाराल तर हा दुसरा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

(आणि हो, हे वाचून घरी थेंब पातळ करून कोणाच्या डोळ्यात टाकू नका. ज्यांच्या डोळ्यातलं पाणी वाहून जायचा कोन अरुंद असतो त्यांना बाहुली पसरवणाऱ्या थेंबाने अचानक काचबिंदूचा झटका येऊ शकतो, त्यात नजर जाऊ शकते.)

आता अभ्यास कसा वाचायचा ते. पहिल्यांदा बघा की तुलना कोणाची कोणाशी केली. बऱ्याच पेपरमध्ये एका बाजूला निदान होऊन चुकलेले, गोळ्या चालू असलेले पेशंट असतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत लोक, ज्यांना मधुमेह नाही, काचबिंदू नाही, डिप्रेशन नाही. अशा दोन टोकांमध्ये फरक दिसणारच. पण टेस्टची गरज त्या माणसाला आहे जो मधे कुठेतरी आहे, ज्याला थोडं विसरायला होतंय आणि शुगर पण आहे, झोपेची गोळी पण आहे, ऐकू पण कमी येतंय. तसली माणसं अभ्यासात होती का? की त्यांनाच वगळलं होतं? ‘वगळण्याचे निकष’ असा एक परिच्छेद असतो तो जरूर वाचा, तिथे तुमच्या आईसारखी किंवा बाबांसारखी माणसं बाहेर काढलेली असतील तर तो अभ्यास त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

दुसरं, ‘आजार आहे’ हे त्यांनी कशावरून ठरवलं. नुसती मिनी मेंटल टेस्ट करून ठरवलं असेल तर बाहुलीची टेस्ट फार तर त्या तीस मार्कांच्या परीक्षेची नक्कल करते. पीईटी स्कॅन, पाठीच्या पाण्यातली प्रथिनं किंवा मृत्यूनंतरची तपासणी यांच्याशी ताडून बघितलं असेल तर वजन वाढतं. आणि डिमेन्शिया हा एक आजार नाही, त्यात अल्झायमर ६० ते ७० टक्के, बाकी रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडीचा, फ्रंटोटेम्पोरल असे आहेत. लेवी बॉडीत तर शरीराची आपोआप चालणारी यंत्रणाच बिघडते म्हणजे बाहुली तिथेही बदलू शकते. तेव्हा ‘डिमेन्शिया पकडते’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठला.

तिसरं मला वाचताना उशिरा लक्षात आलं आणि तेव्हापासून मी प्रत्येक पेपरमध्ये शोधतो. अल्झायमरच्या पेशंटना डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन देतात, ही औषधं शरीरातलं ॲसिटिलकोलीन वाढवतात, आणि बाहुली आकसते तीच मुळी ॲसिटिलकोलीनवर. म्हणजे एका गटात सगळे या गोळ्या घेणारे आणि दुसऱ्यात कोणीच नाही असं असेल तर मशीन आजार ओळखतंय की गोळी ओळखतंय? औषध सुरू करायच्या आधी मोजलं होतं का, हे पेपरमध्ये लिहिलेलं नसेल तर मी तो बाजूला ठेवतो.

कॉम्प्युटरला शिकवून केलेल्या टेस्टमध्ये अजून एक भानगड असते. एकाच माणसाचा डावा डोळा शिकवायला वापरला आणि उजवा डोळा परीक्षेला, तर उत्तर आधीच फुटलेलं असतं. माणसं वेगळी काढली होती की डोळे, हे बघा. तसंच किती मिलिमीटरला ‘आजारी’ म्हणायचं ती रेघ त्याच आकड्यांवर बघून आखली असेल तर ती त्या लोकांना छान बसणारच, नव्या लोकांवर ती रेघ टिकली का ते महत्त्वाचं.

आता डोक्याला ताण देणारा प्रकार, जो मला स्वतःला सगळ्यात आशादायक वाटतो. आकडे लक्षात ठेवताना बाहुली मोठी होते हे काहनेमन आणि बीटी यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं, जितके जास्त आकडे तितकी मोठी. सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमने २०१९ साली ५६ ते ६६ वयाच्या १,११९ पुरुषांवर हे करून बघितलं, आणि ज्यांच्यात अल्झायमरची आनुवंशिक जोखीम जास्त होती त्यांची बाहुली तेच काम करताना जास्त पसरत होती, म्हणजे मेंदूला तेवढ्याच कामाला जास्त जोर लावावा लागत होता. हे फार सुंदर आहे, कारण मार्क चांगले दिसत असतानाच आतली धाप दिसते. पण नीट बघा काय दाखवलं गेलं, जनुकांतल्या जोखमीशी संबंध. यातल्या कोणाला पुढे अल्झायमर झाला हे त्यात नाही, आणि त्यात एकही बाई नाही. अजून एक गुंता म्हणजे आकडे झेपेनासे झाले की माणूस सोडून देतो आणि बाहुली पसरायची थांबते. म्हणजे बाहुली फारशी पसरली नाही याचा अर्थ काम अगदी सोपं गेलं असाही होतो आणि हात टेकले असाही होतो. दोन टोकांच्या माणसांच्या आलेखाची रेघ सारखीच दिसू शकते. त्यामुळे या प्रकारात सोबत उत्तरं बरोबर आली की चूक हे नोंदवलेलं नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

बरं, समजा अभ्यास चांगला आहे आणि टेस्ट ९० टक्के आजारी पकडते आणि ८० टक्के निरोगी बरोबर सोडते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. आता १,००० साधे वयस्कर लोक घ्या ज्यांच्यात ५० जणांना खरंच आजार आहे. टेस्ट ४५ पकडेल. पण उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १९० जणांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. एकूण २३५ लाल रिपोर्ट आणि त्यातले खरे ४५, म्हणजे पाचातल्या चार घरांमध्ये उगीच रडारड. हीच टेस्ट मेमरी क्लिनिकमध्ये केली जिथे १,००० पैकी ५०० जणांना आजार आहे, तर ५५० लाल रिपोर्टपैकी ४५० खरे. मशीन तेच, बाहुली तीच, फक्त दारातून कोण आत आलं ते बदललं. एखाद्या शिबिरात किंवा फोनच्या ॲपवर सरसकट सगळ्यांची टेस्ट करतात तेव्हा हा हिशोब कोणी सांगत नाही. आमच्या घरात तो आठवडा गेला त्यामुळे मला हे गणित नुसतं गणित वाटत नाही.

अजून एक प्रश्न जोडीला विचारा, की नुसतं वय आणि दहा मिनिटांची साधी स्मरणशक्तीची चाचणी एवढ्यावरून जे कळतं त्याच्यापेक्षा बाहुलीने काय नवीन सांगितलं? वय वाढलं की बाहुली आपोआप लहान होत जाते, त्यामुळे दोन गटांच्या वयात तीन-चार वर्षांचा जरी फरक असला तरी मशीनला ‘आजार’ दिसायला लागतो.

आता प्रत्यक्ष टेस्टच्या खोलीत. बाहुलीत ढवळाढवळ करणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत की मी जाताना यादीच घेऊन जातो. मोतीबिंदू असेल तर पिवळी पडलेली लेन्स निळा प्रकाश अडवते, आणि ऑपरेशन झालेलं असेल तर उलटा जास्त निळा आत जातो, शिवाय ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या स्नायूला थोडा धक्का लागलेला असू शकतो. काचबिंदूत रेटिनातल्या पेशी गेलेल्या असतात आणि वरून त्याचे थेंब. जुना मधुमेह बाहुलीच्या नसांना मंद करतो. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन बुबुळाचा पसरवणारा स्नायू ढिला करते. अफूच्या जातीची वेदनाशामकं बाहुली टाचणीएवढी करतात, तर जुन्या पद्धतीच्या डिप्रेशनच्या गोळ्या, लघवी आवरायच्या काही गोळ्या आणि ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या तिला मोठी करतात. यातल्या काही गोळ्यांनी तर विसरायला पण होतं, म्हणजे स्मृती आणि बाहुली दोन्ही बिघडवणारा एकच चोर औषधाच्या डब्यात बसलेला असू शकतो. म्हणून कुठलीही टेस्ट करायच्या आधी तो डबा डॉक्टरांपुढे ओता, पण स्वतःच्या मनाने टेस्टसाठी म्हणून एकही गोळी बंद करू नका.

दुसऱ्या वेळी बाबांची टेस्ट एका चांगल्या ठिकाणी झाली, तेव्हा मी स्क्रीनवर बाहुलीच्या मापाची रेघ बघत बसलो होतो. त्या बाईंनी आधी खोलीत अंधार करून बाबांना काही मिनिटं नुसतं बसवलं, डोळे सरावू दिले. मग लाईट चमकला, रेघ खाली गेली, परत वर आली, आणि मधेच एकदम शून्याला टेकली. माझ्या पोटात गोळा. त्या म्हणाल्या, “काही नाही हो, पापणी लवली त्यांची.” मग थोड्या वेळाने रेघ लाटांसारखी डुलायला लागली, तर त्यांनी टेस्ट थांबवली आणि मोठ्याने विचारलं, “काका, झोप येतेय का?” आली होती. पेंगताना बाहुली अशीच डुलते. पाणी प्यायला दिलं, जरा गप्पा मारल्या आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळचे आकडे वेगवेगळे लिहिले, सरासरी नंतर काढली. टेस्ट घेणारा असं थांबतो का, पुन्हा घेतो का, हे बघितलंत तरी निम्मी परीक्षा झाली. मशीनबद्दल विचारायचं तर इन्फ्रारेड कॅमेरा आहे का ते विचारा, कारण गडद तपकिरी बुबुळात काळी बाहुली साध्या कॅमेऱ्याला नीट वेगळी दिसतच नाही.

निकाल लाल आला तर? बाहुलीची मशीन आयसीयूमध्ये डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी रोज वापरली जाते आणि तिथे ती कामाची आहे, पण डिमेन्शियाचं निदान नुसत्या बाहुलीवर कुठलाही जबाबदार डॉक्टर करत नाही. बी-१२, थायरॉईड, डिप्रेशन, ऐकू न येणं, झोप, औषधं, डोक्यातली रक्ताची जुनी गाठ, यातलं बरंचसं दुरुस्त होतं आणि ते आधी शोधलं पाहिजे. खरंच अल्झायमरच आहे का इथपर्यंत प्रश्न गेला तर पीईटी आहे, पाठीचं पाणी आहे, आणि आता रक्ताची टेस्ट पण आहे, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी त्यातली पहिली मंजूर केली. आणि निकाल हिरवा आला पण घरात तुम्हाला रोज बदल दिसतोय, तर हिरव्यावर विसंबून थांबू नका, घरच्यांना दिसतं ते बाहुलीपेक्षा जास्त खरं असतं.

एका गोष्टीत मात्र अजिबात वाट बघायची नाही. एक बाहुली अचानक दुसरीपेक्षा मोठी झाली आणि सोबत डोकं दुखतंय, गुंगी आहे, पापणी पडलीय किंवा बोलणं जड झालंय, तर ते डिमेन्शियाच्या टेस्टचं काम नाही, सरळ इमर्जन्सीत जा.

टेस्ट केलीतच तर रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा, तारीख, सकाळ की संध्याकाळ, खोलीत उजेड किती होता, मशीन कुठलं, त्या दिवशी कुठल्या गोळ्या घेतल्या, आदल्या रात्री झोप झाली का, चहा-कॉफी घेतली होती का. वर्षभराने पुन्हा मोजलं आणि आकडा बदललेला दिसला तर बाहुली बदलली की नुसती खोली बदलली, हे त्या पाठीमागच्या दोन ओळींवरूनच कळेल.